स्वतःचं लिखाण तपासायचा एवढा कटाळा का येतो?

तेरणाकाठ :
नमस्कार मंडळी. लातूरहून लिहितोय. पहिलाच कथासंग्रह येतोय. नऊ फर्मे, म्हणजे १४४ पानं. प्रकाशकांनी प्रुफं कुरियरनं पाठवली त्याला आज बावीस दिवस झाले. लिफाफा फोडलाय, पानं मोजलीत, पहिलं पान दोनदा वाचलंय. त्याच्या पुढं गाडी जात नाही. गठ्ठा दिवाणावर पडून आहे. त्याच्यावर माझा चष्मा, किराणाची यादी आणि मुलीची कंपासपेटी असा संसार थाटलाय.

मी शाळामास्तर. पोरांचे निबंध एका बैठकीत साठ तपासतो, लाल पेन नुसतं धावतं. स्वतःचं पान पुढं आलं की मात्र उठून गच्चीवरची टाकी बघून यावीशी वाटते. (लातुरात टाकी बघायला तसं निमित्त लागत नाही.)

लिहिताना आळस केला नाही. एकेक कथा चार-चारदा लिहिली. मग हे काय आहे? तुमचं कसं होतं? कुणाला उपाय सापडला असेल तर लवकर सांगा. प्रकाशकांचा फोन मी आता उचलत नाही.

कायकी :
शीर्षकापासून सुरुवात करा सर. 'कटाळा'वरचा अनुस्वार राहिला.

तेरणाकाठ :
ती बोली आहे हो. आमच्याकडं कटाळाच म्हणतात.
(खरं सांगायचं तर चूक होती. तुम्ही दाखवल्यावर बोली झाली.)

कायकी :
हे बेस्ट. माझ्या आजवरच्या सगळ्या चुका मी परभणीच्या बोलीत जमा केल्या.

बालाघाटी :
हसू नका, मी भोगलंय.

२०२२ च्या एप्रिलात उदगीरला साहित्य संमेलन होतं. त्याच्या आत आपला कवितासंग्रह यायलाच पाहिजे, असा हट्ट धरून बसलो होतो. प्रुफं आली तेव्हा मी, कुणाकुणाला पुस्तक भेट द्यायचं त्याची यादी करण्यात दंग. "वाचली, छापा" असं फोनवर सांगून मोकळा झालो. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

बापावरची कविता होती : 'त्याच्या मुठीत ढेकूळ होतं, ते त्यानं कपाळाला लावलं.' छापून आलं : 'त्याच्या मुठीत ढेकूण होता, तो त्यानं कपाळाला लावला.' बघा, 'होतं'चा 'होता'सुद्धा केला. म्हणजे टाइप करणाऱ्याला व्याकरण चांगलं येत होतं, शेती येत नव्हती.

पुढचं याहून वाईट. एका परीक्षणात लिहून आलं की ढेकणाची ही प्रतिमा शोषणव्यवस्थेवर नेमकं बोट ठेवते. मी परीक्षकांना आभाराचं पत्र पाठवलं. काय करता!

कोरडवाहू :
ढेकूण 😂😂 दुसऱ्या आवृत्तीत तसाच ठेवा. आता तो तुमचा राहिला नाही, समीक्षेचा झाला.

मास्तरीणबाई :
तेरणाकाठ सर, इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय.

चूक न दिसणं ही एक गोष्ट. तिचं कारण साधं आहे. वाचताना डोळा अक्षर-अक्षर सरकत जात नाही, उड्या मारत जातो आणि मधलं मेंदू ओळखीवर भरून काढतो. परक्याच्या मजकुरात पुढं काय येणार हे माहीत नसतं, म्हणून थोडं तरी बघावं लागतं. आपल्या मजकुरात सगळंच पाठ असतं. कागदावर 'ढेकूण' असला तरी बालाघाटींना तिथं ढेकूळच दिसलं असतं.

पण तुम्ही वाचायलाच बसत नाही आहात. ते मेंदूवर ढकलता येणार नाही. आमच्या नांदेडला एक सहकारी होते, प्रबंध छापायला देताना म्हणायचे, "जेवून झाल्यावर खरकटी ताटं कुणी बघत बसतं का?" त्यांच्या प्रबंधाच्या शेवटी चार पानांचं शुद्धिपत्र लागलं.

कायकी :
आणि त्या शुद्धिपत्राचं शीर्षक 'शुद्धीपत्र' असणार. पैज.

मास्तरीणबाई :
पैज जिंकलात. होतं तसंच.

कोरडवाहू :
माझं रोकडं मत : हे काम माणसानं करूच नये. फायरफॉक्सला, लिबर ऑफिसला मराठी शब्दकोश जोडता येतो. चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. संपला विषय.

मास्तरीणबाई :
लाल रेघ बरोबर शब्दांखालीही येते, हे सांगायचं राहिलं. मराठीत 'घर' एवढ्यावर भागत नाही. घराला, घराच्या, घरातल्यांनासुद्धा अशी शेपटं वाढत जातात. ती सगळी कुठल्या यादीत मावणार? उलट 'ढेकूण' हा शंभर टक्के शुद्ध शब्द. त्याच्याखाली रेघ कशाला येईल?

कोरडवाहू :
हे मान्य. आमच्या गावात दरवर्षी फलक लागतो, 'पिक विमा भरण्याची अंतिम तारीख'. पिक म्हणजे कोकिळ. पीक म्हणजे ज्वारी-सोयाबीन. संगणकाच्या लेखी दोन्ही शब्द बरोबर. आम्ही मुकाट्यानं कोकिळेचा विमा उतरवून येतो.

कायकी :
म्हणूनच भरपाई मिळत नाही. कोकिळेचं नुकसान कुठं झालंय?

आणि दर १७ सप्टेंबरला चौकात बॅनर असतं, 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. मी एकदा कार्यकर्त्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, "काका, मराठवाडा दीन नाही का?" गप घरी आलो.

गुलमंडी :
आजोबा असते तर हसले असते. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, नंतर मराठीत कारकुनी केली. सांगायचे, उर्दूत 'दुआ' आणि 'दगा' यात एका नुक्त्याचा, म्हणजे टिंबाचा फरक. 'खुदा'चा नुक्ता वरून खाली आला की 'जुदा'. त्यामुळं अर्ज लिहून झाला की ते कागद हातभर लांब धरून आधी नुसते नुक्ते मोजायचे. वाचायचे नंतर. मराठीला त्यांची एकच तक्रार होती : मोडीत ह्रस्व-दीर्घाची कटकट नव्हती, ही बालबोधवाल्यांनी, म्हणजे देवनागरीवाल्यांनी लावली.

बालाघाटी :
आजोबांचं खरंय. नियमच इतके की माणूस प्रूफ वाचायला घाबरतो.

मास्तरीणबाई :
किती? साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ ला मान्य झाले, आणखी ४ १९७२ ला. एकूण १८. क्रिकेटचे ४२ आहेत, ते तुम्हाला पाठ असतील.

खिळेवाला :
जरा उशिरा आलो. जालन्यात मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढं डीटीपी आलं तेही केलं. दोन्हीकडचं सांगतो.

खिळ्यांच्या काळात चुका आमच्या असायच्या. दुसऱ्या वेलांटीचा शेंडा मशीनवर मोडला की 'तिची'चं 'तिचा' व्हायचं. खिळे वापरून परत घरात टाकताना 'ब' चुकून 'व'च्या घरात पडला, की पुढच्या कामात 'वर' ऐवजी 'बर'. लेखकाला हे माहीत असायचं, त्यामुळं तो स्वतः प्रेसवर येऊन बसायचा. गॅलीवरून, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या तबकावरून, ओलं प्रूफ काढलं की शाई हाताला लागायची, तरी वाचायचा. चूक प्रेसची आहे म्हटल्यावर शोधायला उत्साह असतो! आता तुम्ही मोबाइलवर स्वतः टाइप करून फाइल पाठवता. चूक निघाली तर ती तुमचीच. मग कोण शोधतंय?

दुसऱ्या जातीचे लेखकही होते. प्रूफ दिलं की त्यात कथाच नव्यानं लिहायचे. एक शब्द वाढला तर अख्ख्या परिच्छेदाचे खिळे चिमट्यानं पुढं सरकवावे लागत. आमचे मालक त्यांना चहा पाजायचे, पण पेन द्यायचे नाहीत.

आता उपाय. आमच्याकडं प्रूफ दोघं मिळून वाचायचे. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. मूळ प्रत लेखकाच्या हातात द्यायची नाही, तो आपल्याच गोष्टीत रमतो. ती आमचा पोऱ्या वाचायचा. पोऱ्याला गोष्टीशी घेणं-देणं नसायचं, म्हणून तो कागदावर आहे तेच वाचायचा. तेरणाकाठ, तुमच्याकडं पोऱ्या आहे का?

तेरणाकाठ :
मुलगी आहे, सातवीत. एका पानाचे दहा रुपये मागते.

कायकी :
१४४० रुपये. मानधनापेक्षा जास्त झाले ना?

तेरणाकाठ :
मानधन म्हणून पंचवीस प्रती मिळणार आहेत.

हिंगोलीची_लेक :
मी मुद्रितशोधनाचं काम करते. सध्या पुण्यात. एका पानाला मिळतात त्यात चहा येतो, बिस्किट येत नाही.

सगळे लेखक एकच वाक्य म्हणतात : "ताई, तुम्हीच बघून घ्या ना, तुमच्यावर विश्वास आहे." तो विश्वास नसतो हो, तो कटाळा असतो (बोलीतला). मी शंका आली तिथं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करते. मागच्या महिन्यात एका कादंबरीत शंभराच्या वर प्रश्नचिन्हं केली. गठ्ठा लेखकाकडून परत आला तेव्हा एकाही चिन्हाला उत्तर नव्हतं. वर शेरा, 'छान'. प्रकाशनानंतर तेच लेखक व्यासपीठावरून म्हणाले की आजकाल प्रूफरीडर चांगले राहिले नाहीत. मी तिसऱ्या रांगेत पेढा खात बसले होते.

कोरडवाहू :
ताई, तुमचं दुःख समजतं, पण दुसरी बाजू ऐका.

माझी एक कथा दिवाळी अंकात आली होती, पेरणीवरची. वाक्य होतं : 'मायनं चाडं धरलं आणि मूठ सोडायली.' तिफणीवर बी सोडायचं जे लाकडी नरसाळं असतं ना, ते चाडं. छापून आलं : 'आईने चाड धरली आणि मूठ सोडू लागली.' कशाची चाड? माझ्या मायला आयुष्यभर पेरणी करून शेवटी चाड धरायला लावली. 'सोडायली' ही काय चूक आहे? आम्ही करायलो, जायलो असंच बोलतो. उगं सगळ्यांना एका इस्त्रीखाली घालायचं. तेव्हापासून माझा प्रूफरीडर या जमातीवरचा विश्वास उडाला.

हिंगोलीची_लेक :
त्या अंकाचं प्रूफ तुमच्याकडं आलं होतं का?

कोरडवाहू :
आलं होतं.

हिंगोलीची_लेक :
वाचलं?

कोरडवाहू :
…सोयाबीनची काढणी चालू होती.

हिंगोलीची_लेक :
'सोडायली'ला मी हात लावला नसता, माझी आजी तसंच बोलायची. १९६२ च्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी 'केलं', 'झालं' घालायला हरकत घेतलेली नाही. पण चाडं मलाही अडलं असतं. आमच्या घरी शेती माझ्या जन्माआधीच गेली. मी तिथं प्रश्नचिन्ह केलं असतं, आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रात फक्त तुम्ही देऊ शकला असता. काढणी संपल्यावर तरी.

नाथसागर :
भांडू नका, पैठणला या. मराठीतला पहिला थोर मुद्रितशोधक आमच्या गावचा, मुद्रण यायच्या आधीचा. नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून शुद्ध प्रत तयार केली :

शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं ।
एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता-ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥

शके १५०६, म्हणजे १५८४ साल. 'अत्यादरीं' शब्द बघा. शिवाय ते म्हणतात, मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, पाठांतरात बिघडला. आणि शेवटी ताकीद : यात जो स्वतःची ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. 'चाडं'ची 'चाड' करणाऱ्याला आणखी काय सांगायचं?

मास्तरीणबाई :
सुंदर. पण एक लक्षात घ्या, नाथांनी दुसऱ्याचा ग्रंथ शुद्ध केला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तीही माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, तपासणारा तिसरा.

कायकी :
१५०६ वजा १२१२ बरोबर २९४. तेरणाकाठ सर, प्रकाशकाला कळवा, २९४ वर्षांनी पैठणहून माणूस येईल.

गुलमंडी :
तोवर जायकवाडी भरलं का ते सांगा कुणीतरी.

नाथसागर :
धागा पाण्यावर नेऊ नका. त्यावर लिहायला लागलो तर प्रुफं राहतील बाजूला.

तेरणाकाठ :
आठवडाभर इकडं फिरकलो नाही, माफ करा. तुमचं सगळं वाचलं. आता खरं सांगतो.

मला चुकांची भीती नव्हती. ह्रस्व-दीर्घ काय, मास्तर आहे, तेवढं येतं. भीती ही होती की वाचलं आणि कथाच नाही आवडली तर? हस्तलिखितात असताना वाटतं, अजून बदलू. प्रूफ आलं म्हणजे दार लावून घ्यायची वेळ. खिळेवाले काकांनी सांगितलेली ती दुसरी जात, प्रुफात कथा नव्यानं लिहिणारी, मी त्या जातीचा निघेन असं आतून वाटत होतं. त्यापेक्षा न वाचलेलं बरं.

तरी काकांचं ऐकलं. पोरीला पानाला पाच रुपयांवर आणलं. ती मूळ प्रत वाचायली, मी प्रुफावर पेन धरून. अगदी तुमच्या पोऱ्यासारखी वाचते, जीवच ओतत नाही. नायक मरतो तिथं "स्वल्पविराम" असं ठणकावून म्हणाली. तिच्या तोंडून माझी वाक्यं ऐकली आणि गंमत वाटली, ती माझी वाटेचनात. तीन फर्म्यांत एकेचाळीस चुका निघाल्या. 'उद्ध्वस्त' तीन प्रकारे लिहिलाय, तिन्ही चूक. एका कथेत म्हातारीचं नाव सुरुवातीला गोदू, शेवटी चंपा.

कायकी :
मधे लग्न झालं असेल. आमच्याकडं नाव बदलतात.

तेरणाकाठ :
ऐका हो, खरी गोष्ट पुढं आहे.

चौथ्या फर्म्यात शीर्षककथा. शेतात पोळ्याचा दिवस, बैलांची शिंगं रंगवून झालीत, आणि रात्री आगटी पेटवून सगळे हुरडा खातात. कथेतलं भांडण त्या आगटीपाशी होतं. पोरगी वाचायली होती. आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. तिला अक्षरओळख नाही, आयुष्य औशाकडं शेतात गेलं. ती एकदम म्हणाली, "थांब ग बाई. पोळ्याला कुठला हुरडा रे?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो. पोळा श्रावणाच्या अवसेला. रब्बीची ज्वारी तेव्हा पेरलेलीसुद्धा नसते. ही कथा मी चारदा लिहिली, सहा वर्षांपूर्वी मासिकात छापून आली, दोन ठिकाणी वाचून दाखवली, टाळ्या घेतल्या. शेतकऱ्याचा पोरगा म्हणून प्रस्तावनेत माझं कौतुक आहे.

आणि संग्रहाचं नाव 'हुरड्याची रात'. मुखपृष्ठ छापून झालंय.

बालाघाटी :
या, ढेकणाच्या संघटनेत स्वागत आहे.

हिंगोलीची_लेक :
आईला माझ्याकडून नमस्कार सांगा. हे मला कधीच सापडलं नसतं. मी त्या पानावर फार तर 'आगटी' शब्दाखाली प्रश्नचिन्ह केलं असतं.

कोरडवाहू :
हुरडा काढा, मक्याची कणसं भाजा. श्रावणात कणसं असतात.

तेरणाकाठ :
'कणसांची रात'? मुखपृष्ठावर ज्वारीचं ताट आहे भाऊ.

मास्तरीणबाई :
हुरडा ठेवा, पोळा काढा. तुमच्या लातूरकडं येळवस असते ना? मार्गशीर्षातली अवस. सगळा गाव शेतात, कडब्याची कोपी, भज्जी, आंबील. हुरडा तेव्हा यायला लागतो. भांडणाला माणसंही जास्त मिळतील.

तेरणाकाठ :
आईसुद्धा हेच म्हणाली! "येळवस घाल की." फक्त बैलांची रंगवलेली शिंगं जातात. त्या आठ ओळी माझ्या सगळ्यात आवडत्या होत्या.

शेवटी प्रकाशकांचा फोन उचलला. सगळं सांगितलं. आधी ओरडले, मग हसले. म्हणाले, आठ ओळी काढा, पण त्या जागी मोजून आठच ओळी द्या, नाहीतर पुढची सगळी पानं सरकतील. काल रात्री आठ ओळी लिहिल्या. साडेनऊ झाल्यात. दीड ओळ कुठून कापू ते कळत नाही.

खिळेवाला :
आंबिलीचं वर्णन केलं असेल. तिथं कापा.

तेरणाकाठ :
काका, तुम्हाला कसं कळलं?

कायकी :
ते होईपर्यंत शीर्षकातला अनुस्वार तरी देऊन टाका सर.

तेरणाकाठ :
नको. आईला विचारलं. ती म्हणते कटाळाच.